कोट खुंटीलाच होता

काकांनी आयुष्यात एकच चित्रपट पाहिला होता. बाकी सगळे सिनेमे. हा भेद त्यांनी स्वतःच पाडलेला होता आणि तो न पाळणाऱ्या माणसाकडे ते काही वेळ दयेने बघत, मग विषय बदलत. ‘चित्रपट’ म्हणजे तो एकच, इंग्रजी, अवकाशातल्या दीपगृहाचा. तो त्यांनी तीसेक वर्षांपूर्वी धर्मतल्ल्याच्या एका थिएटरात पाहिला होता आणि आमची ओळख झाली तेव्हाही तो त्यांच्या डोक्यात चालूच होता.

बँकेने माझी कोलकात्याला बदली केली तेव्हा मला बेहाल्यात दुसऱ्या मजल्यावर जागा मिळाली. पहिल्या मजल्यावर मराठी नवरा-बायको राहतात एवढं दलालाने सांगितलं आणि मी पुढचं काही न विचारता हो म्हटलं. सामान घेऊन जिना चढत होते, तर पहिल्या मजल्याच्या दारात एक उंच, वाळके, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ कडक इस्त्रीच्या सफारीत उभे होते.

“मराठी?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“खातं कुठलं?”

“बँक.”

“ठीक. मग मला सांगा, दीपगृहातला माणूस कुठे गेला?”

मी बॅग खाली ठेवली. बँकेत लोक काहीही विचारतात, त्याची मला सवय होती, पण हा प्रश्न कुठल्या काउंटरचा तेच कळेना. तेवढ्यात आतून बाईमाणसाचा आवाज आला, “अहो, तिला पाणी तरी पिऊ द्या. आणि घरी गेला गं तो. ह्यांचं काही ऐकू नकोस.”

अशी माझी काका-काकूंशी ओळख झाली. त्या दिवशी मला पाणी, पोहे आणि दीपगृहाची सगळी हकिकत याच क्रमाने मिळाली.

काका रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेले. नोकरीची बरीच वर्षं गार्डन रीचच्या मुख्यालयात काढलेली. ते माणसांना नावाने हाक मारत नसत, खात्याने मारत. मी शेवटपर्यंत ‘बँक’च राहिले. आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष ‘विमा’ होते आणि साल्ट लेकमधून येणारं एक तरुण जोडपं ‘सॉफ्टवेअर’ आणि ‘सौ. सॉफ्टवेअर’ होतं. काकूंना ते ‘कंट्रोल’ म्हणत, पण काकू स्वयंपाकघरात असतील तेव्हाच.

सिग्नलमध्ये आयुष्य घालवलेला हा माणूस रस्त्यावरच्या हिरव्या दिव्यावर मुळीच विश्वास ठेवत नसे. डायमंड हार्बर रोडवर दिवा हिरवा झाला, सगळी गर्दी पलीकडे गेली, तरी काका अलीकडेच उभे. “हा ग्रीन दिला कोणी? बघितलंस तू? मग?” असं म्हणून ते माझा दंड धरून ठेवत. हिरव्याचा परत लाल व्हायचा. ट्रॅफिकचा हवालदार त्यांना ओळखायचा. तो मग स्वतः येऊन हात दाखवायचा, तेव्हा कुठे आम्ही भाजीला पोचायचो.

आता तो चित्रपट. तो मी काकांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकला आहे, की मी तो पाहिलेला नाही हे मला मुद्दाम आठवावं लागतं. एक अवकाशयान सूर्यमालेच्या पार टोकाला एका खडकावर उतरतं. त्या खडकावर दीपगृह आहे आणि त्याचा दिवा चालू आहे. कप्तान आत जातो. आत कोणी नाही. टेबल पुसलेलं, अंथरूण आवरलेलं, कोट खुंटीला टांगलेला. कप्तान दिव्याकडे बघत उभा राहतो, मग यानात परत येतो आणि यान निघून जातं. दिवा तसाच. बस्स, संपला.

काका-काकूंचं तेव्हा नवंच लग्न झालेलं होतं. काकूंना इंग्रजी फारसं कळत नव्हतं, पण या चित्रपटात बोलणंच मुळात कमी. थिएटरातून बाहेर पडून ट्राममध्ये बसल्यावर काका भारावून म्हणाले, “तो तिथेच असणार. वर काच पुसत असेल. रिलीव्हर आल्याशिवाय ड्युटी सोडून जाणारा माणूस नव्हे तो.” रिलीव्हर म्हणजे पाळी बदलायला येणारा पुढचा माणूस. सिग्नलच्या केबिनमधला माणूस, तो येईपर्यंत, आभाळ कोसळलं तरी जागा सोडत नाही.

काकू म्हणाल्या, “इश्श. घरी गेला तो.”

तिथून जे सुरू झालं ते संसारभर चाललं. काकूंचा पुरावा अंथरुणाचा. “वर काच पुसायला जाणारा पुरुष अंथरूण आवरून जात नाही. गावाला जायचं असेल तरच आवरतो, तेही कोणी सांगितलं तर.” काकांचा पुरावा कोटाचा. “कोट खुंटीलाच होता. परगावी निघालेला माणूस कोट न घालता जाईल?” यावर काकूंचं ठरलेलं उत्तर होतं, “तिकडे थंडी नसेल.” आणि मग काका डोक्याला हात लावून बसत.

मला सुरुवातीला हे सगळं गमतीचं वाटायचं. हळूहळू लक्षात आलं, की या दीपगृहावर खरोखरीचं घर अवलंबून आहे.

सांगलीत त्यांचा फ्लॅट घेऊन ठेवलेला होता, शेजारच्याच दारात काकूंची बहीण. निवृत्तीनंतर तिकडे जायचं हे काकूंनी धरूनच ठेवलं होतं. त्यांची बाजू साधी होती. इथल्या दमट हवेत पापड वाळत नाहीत. “तीस वर्षं मी चिवट पापड खातेय,” त्या मला सांगत, “मला मरायच्या आधी एकदा कुर्रर्र आवाज ऐकायचाय.” बहीण एकटी होती, गुडघे दुखत होते, ते त्या बोलत नसत. पापडांचं बोलत. काकांना मात्र कलकत्ता सोडवत नव्हतं. “सांगलीत काय करू मी? तिथे दीपगृहातल्या दिव्याचं विचारलं तर लोक इलेक्ट्रिशियनचा नंबर देतात.” आणि हे खरंच होतं. इथे कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीत रोज सकाळी एक होमिओपॅथीचे डॉक्टर काकांची वाट बघत बसायचे. आमच्या भागातले जुने, सगळे त्यांना डाक्तारबाबू म्हणत. त्यांचाही तो चित्रपट पाठ, आणि त्यांचं मत तिसरंच: दीपगृह नाहीच, दिवाही नाही, सगळा कप्तानाच्या मनाचा खेळ. मातीच्या भांड्यातला चहा गार होईपर्यंत दोघे बंगालीत भांडत. काका बंगाली बोलायला शिकले ते ऑफिसात नव्हे, या टपरीवर, डाक्तारबाबूंना खोडून काढायची गरज पडली म्हणून.

निवृत्तीच्या वर्षी, मी यायच्या आधीच, काकूंनी सामानाची आवराआवर काढली होती. काकांनी आज-उद्या केलं. घरात धुसफूस वाढली. नेमकी तेव्हाच बातमी आली, की त्या चित्रपटाच्या आधीची गोष्ट सांगणारा नवा चित्रपट निघणार, दीपगृहातल्या माणसाची. प्रीक्वेल. काकांनी पेपर काकूंसमोर ठेवला आणि म्हणाले, “आता सोक्षमोक्ष. तो घरी गेला असेल तर आपण सांगलीला जाऊ. तिथेच राहिला असेल तर आपण इथेच राहू.” काकूंनी हातातलं लाटणं खाली ठेवून विचार केला आणि “चालेल” म्हणाल्या. दोघांनाही आपणच जिंकणार याची खात्री होती.

पण चित्रपट येईना. कधी दिग्दर्शक बदलला, कधी कंपनी विकली गेली, कधी तिकडे संप झाला. प्रीक्वेल लांबल्याची बातमी आली, की काका एक दिवस सुतकात असल्यासारखे बसत आणि दुसऱ्या दिवशी घरभाड्याचा करार वाढवून येत. काकू बहिणीला फोन करून सांगत, “अगं, त्यांचं शूटिंगच झालं नाही अजून.” सांगलीतली ती बहीण, जिने उभ्या जन्मात इंग्रजी चित्रपट पाहिला नसेल, ती हॉलिवूडच्या नावाने बोटं मोडायची. अशी काही वर्षं गेली. मंडळात गणपतीला आरती झाली, की प्रसादाबरोबर लोक विचारत, “काय काका, आला का तुमचा?”

मग एक दिवस त्याची झलक आली. ती माझ्याच फोनवर काकांनी पहिल्यांदा पाहिली. दोन मिनिटांचा मामला, स्फोट आणि ढोल. त्यात क्षणभर खुंटीवरचा कोट दिसला. काका ओरडले, “थांबव. मागे घे. अजून मागे.” त्यांनी फोन नाकाशी नेला. त्यांचा चेहरा उतरला.

“चार बटणं आहेत,” ते म्हणाले.

“मग?”

“मूळ कोटाला तीन होती.”

आठवडाभर त्यांनी त्या बटणाची हाय खाल्ली. जेवणात लक्ष नाही, इलिश समोर आला तरी काटे काढायचा उत्साह नाही. काकू स्वतः मासे खात नसत, पण नवरा इलिशला नको म्हणतो म्हटल्यावर त्या घाबरल्या आणि डॉक्टरांकडे चला म्हणाल्या. काका गेलेही, पण डाक्तारबाबूंकडे. तिथून ते उजळलेल्या चेहऱ्याने परत आले आणि जिन्यातच मला म्हणाले, “बँक, लागला उलगडा. ही आधीची गोष्ट आहे. म्हणजे कोट नवीन आहे. चौथं बटण पुढे तुटणार.” मी म्हटलं, काका, कपडेपटवाल्याची चूक असेल. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांच्या आईबद्दल काही बोलले आहे. चाहत्यांचं हे असंच असतं असं आता मला वाटतं. चुकीतून अर्थ काढताना त्यांना मूळ चित्रपट बघताना झाला नसेल इतका आनंद होतो.

चित्रपट लागला तो आठवडा काकूंच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा निघाला. मंडळाने रविवारची तिकिटं काढलेली, झाडून सगळे मराठी येणार, निकाल सर्वांसमक्ष लागणार असं ठरलेलं. काकूंनीही डॉक्टरांकडून काळा चष्मा लावून बसायची परवानगी मिळवली होती. पण शुक्रवारी सकाळी काका वर आले, दार लोटून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाले, “बँक, आज अर्धी रजा टाक.”

“का?”

“साहेबाचं इन्स्पेक्शन असलं, की आम्ही आधी गुपचूप एक फेरी मारून येत असू. काय कुठे ढिलं आहे, काय झाकायचं आहे, ते बघायला. रविवारचं इन्स्पेक्शन आहे. आज आपण फेरी मारू.”

मी रजा टाकली. का टाकली ते मला सांगता येणार नाही. मला अवकाश, यानं वगैरेंमध्ये काडीचा रस नाही. पण तीस वर्षं वाट बघितलेल्या माणसाला एकट्याने आत जाऊ द्यावं असं वाटेना.

मॉलमधल्या थिएटरात काका सफारी घालून, शेवटच्या रांगेत, पाठ ताठ ठेवून बसले. शेजारचं पोरगं पॉपकॉर्न खात होतं, त्याला त्यांनी बंगालीत सांगितलं, की दीपगृह आलं की चघळणं बंद. पहिला तासभर दीपगृह आलंच नाही. लढाई होती. काका पुटपुटत होते, “कोण आहेत हे लोक? ह्यांचा काय संबंध? उगाच पाचर मारून ठेवलीय.” एकदा ते मोठ्याने “काहीतरीच” म्हणाले आणि पुढच्या रांगेतल्या बाईंनी वळून बघितलं.

मग दीपगृह आलं. कोरं करकरीत, अजून रंगाचा वास येत असेल असं. काकांनी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले. दिवा पहिल्यांदा पेटला तेव्हा सगळ्या थिएटरच्या भिंती उजळल्या आणि मी बघितलं तर काका रडत होते. “निळा आहे गं,” ते म्हणाले, “आपली प्रिंट जुनी होती, आम्हाला इतकी वर्षं तो गुलाबीच वाटत होता.”

त्यानंतरची गोष्ट मी थोडक्यात सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. तो माणूस तिथे एका वर्षाच्या पाळीवर आलेला असतो. त्याची बायको दूर घरी असते, अधूनमधून दीपगृहातल्या पडद्यावर दिसते, बोलते. वर्ष संपतं, रिलीव्हर घेऊन यान येतं. हा म्हणतो, अजून भिंगाचं काम राहिलंय, पुढच्या खेपेला येतो. यान रिलीव्हरसकट परत जातं. पुढच्या खेपेला दुसरं काहीतरी. बायको प्रत्येक वेळी थोडी म्हातारी दिसते आणि प्रत्येक वेळी म्हणते, बरं, पुढच्या खेपेला. एकदा पडदा लागतो तेव्हा तिची खुर्ची रिकामी असते. तो बराच वेळ त्या खुर्चीकडे बघतो. मग अंथरूण आवरतो, कोट खुंटीला टांगतो, वर जाऊन दिव्याच्या मागे बसतो. खाली कप्तानाच्या पावलांचा आवाज येतो, तरी उतरत नाही. शेवटी पाटी: दुसरा भाग लवकरच.

काका जिंकले होते. कोटासकट जिंकले होते. कोट टांगताना त्याचं एक बटणही तुटून घरंगळत गेलं, म्हणजे तिथेही काकाच बरोबर. मी आनंदाने त्यांच्याकडे वळले. ते नावं संपेपर्यंत हलले नाहीत. झाडूवाला आला तेव्हा म्हणाले, “दिग्दर्शक मूर्ख आहे.” जिन्यात म्हणाले, “दिवा मात्र सुरेख दाखवला.” खाली रस्त्यावर आल्यावर म्हणाले, “लढाईची काही गरज नव्हती.” मग चहाच्या टपरीवर बसलो, तर ते चहाचं भांडं हातात नुसतं फिरवत राहिले.

“बँक,” ते शेवटी म्हणाले, “मी इतकी वर्षं समजत होतो, की रिलीव्हर आलाच नाही.”

“हो ना.”

“आला होता. दर खेपेला आला होता. रिलीव्हर समोर उभा असताना बसून राहायचं, ही ड्युटी नाही. त्याला ड्युटी म्हणत नाहीत.” त्यांनी भांडं खाली ठेवलं. “आणि ती बाई प्रत्येक वेळी बरं म्हणते. भांडत नाही, काही नाही. बरं म्हणते आणि म्हातारी होते. असं दाखवायची काय गरज होती?”

मी म्हटलं, “काका, पण तुम्ही जिंकलात.”

“तेच तर,” काका म्हणाले. त्यांचा आवाज इतका पडलेला मी कधी ऐकला नव्हता, आणि मला त्या दिग्दर्शकाचा फार राग आला.

घरी आलो. आम्ही कुठे गेलो होतो हे काकूंना न सांगताच कळलेलं होतं. दार उघडून त्या काळा चष्मा लावून उभ्या राहिल्या. “जाऊन आलात ना? रविवारपर्यंत धीर धरवला नाही. बोला आता, काय झालं त्याचं?”

काका चपला काढत खाली वाकले होते. वाकलेलेच म्हणाले, “गेला. घरी गेला. तू जिंकलीस.”

मी भिंतीला टेकले. हा माणूस चित्रपटातला एक शब्द कोणी इकडचा तिकडे केला तर मंडळाची सभा थांबवत असे. एकदा विम्यांनी खुंटीला ‘हँगर’ म्हटलं, तर त्या दिवशीची आरती पंधरा मिनिटं उशिरा झाली होती.

काकूंनी काळा चष्मा नीट बसवला. मग त्यांनी विचारलं, “आणि कोट?”

काकांनी याची तयारी केलेली नव्हती. त्यांनी दुसरी चप्पल काढायला नको इतका वेळ लावला. “कोट राहिला खुंटीला,” ते म्हणाले, “तिकडे थंडी नव्हती.”

“मी म्हणत नव्हते?” काकू म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या.

आता प्रश्न रविवारचा होता. काकांनी काकूंना सांगितलं, की चित्रपटात फार लखलखाट आहे, ऑपरेशन झालेल्या डोळ्याला सोसणार नाही. काकू लगेच “बरं” म्हणाल्या, तो शब्द ऐकून काकांनी डोळे मिटले. बाकीचे सगळे रविवारी गेले. खेळ सुटला तेव्हा काका तिकीट तपासनिसासारखे दारातच उभे होते. एकेकाला बाजूला घेऊन ते म्हणाले, “एक विनंती आहे. तो घरी गेला.”

“कोण?” विम्यांनी विचारलं. “तो? अहो, तो तर वर बसलाय.”

“तो घरी गेला,” काका म्हणाले.

हळूहळू सगळ्यांना कळलं. आमचं मंडळ मोदक तळलेले की उकडलेले यावर दर वर्षी फुटायच्या बेतात येतं, पण त्या दिवशी मॉलच्या सरकत्या जिन्यापाशी काही न बोलता सगळ्यांचं एकमत झालं. मंडळाबरोबर खेळाला आलेले डाक्तारबाबू तेवढे अडून बसले होते. काका भीत भीत त्यांच्याकडे गेले, तर ते म्हणाले, “एई छोबी आमी मानी ना.” म्हणजे हा चित्रपट ते मानतच नाहीत; त्यांचं मत असं, की तो निघालेलाच नाही, त्यामुळे त्यात काय झालं हे कोणाला सांगायचा प्रश्नच येत नाही.

खरी पंचाईत पुढे झाली. काकू जिंकल्या म्हणून लोक पेढे घेऊन भेटायला येऊ लागले, आणि मराठी माणसाला नुसतं खोटं बोलता येत नाही, तो त्याला फोडणी देतो. विमा म्हणाले, त्याला न्यायला मोठं यान आलं, सलामी वगैरे दिली. सौ. सॉफ्टवेअर म्हणाली, “आणि काकू, बायकोने दार उघडलं तेव्हा मला तर रडूच आलं.” तिच्या नवऱ्याने तिला चिमटा काढला, पण तोवर काकूंनी विचारलं होतं, “काय म्हणाली गं ती?” सौ. सॉफ्टवेअर इथेच वाढल्यामुळे तिचं मराठी तोकडं, ती गडबडून म्हणाली, “ती म्हणाली… हातपाय धू.” हे काकूंना फार आवडलं. त्या प्रत्येकाला हेच विचारत, आणि प्रत्येक जण काही ना काही भर घाली. कोणी म्हणे तिने पिठलं केलं होतं. काका कोपऱ्यात बसून हे ऐकत. एकदा मला हळूच म्हणाले, “बँक, लोकांनी केलेला बरा झालाय गं. लढाई नाही काही नाही.”

सामान बांधलं. घराचा करार काकांनी स्वतः जाऊन संपवला. शेवटच्या सकाळी टपरीवर डाक्तारबाबू आणि काका नेहमीपेक्षा मोठ्याने भांडले आणि दोघेही चहा न पिता घरी गेले असं मला टपरीवाल्याने सांगितलं.

हावड्याला सगळं मंडळ पोचवायला आलं. मी आत डब्यात काकूंबरोबर बॅगा लावत होते. काका खाली उतरून, आपला सिग्नल कोण देतोय ते बघायला, फलाटाच्या टोकापर्यंत गेले होते. काकूंनी चष्मा काढून पुसला आणि शांतपणे विचारलं, “त्याचा पुढचा भाग येणार आहे म्हणे ना?”

“हो काकू. दोन-तीन वर्षांत येईल.”

“त्यात तरी जाईल का गं तो घरी?”

माझ्या हातातली पिशवी तशीच राहिली. “तुम्हाला कोणी सांगितलं?”

“सांगायला कशाला हवं? हे खरे हरले असते तर चार वेळा जाऊन त्यातली चूक शोधून आले असते. त्या दिग्दर्शकाला शिव्या घालून घर डोक्यावर घेतलं असतं. इतके मुकाट्याने हे कधी हरलेत का?”

“मग तुम्ही काही बोलला नाहीत?”

“का बोलू? मला जायचंच होतं सांगलीला,” काकू म्हणाल्या. त्यांनी खिडकीतून बाहेर बघितलं. काका लांबून परत येताना दिसत होते, उंच, वाळके, घाईने पावलं टाकत. काकूंचा आवाज खाली आला. “पण ह्यांना खोटं पचत नाही गं. त्या दिवसापासून धड झोपलेले नाहीत. चित्रपटाशी खोटं बोललेत ना. तुझं इंग्रजी चांगलं आहे. तू त्या लोकांना कळव काहीतरी. म्हणावं, पुढच्या भागात त्याला एकदा घरी जाऊ द्या, म्हणजे आमच्या ह्यांचं बोलणं खरं होईल.”